श्वानाची साक्ष आणि माणसाची परीक्षा

गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या आडरस्त्याने पोलिसांची तुकडी निघते, तेव्हा पुष्कळदा सर्वांत पुढे असतो तो एक कुत्रा. त्याच्यामागे दोरीचे टोक धरलेला श्वानहस्तक आणि त्याच्यामागे, अंतर राखून, बाकीचे जवान. वाटेत मोरी लागली, रस्त्याची कड नुकतीच उकरल्यासारखी दिसली, की सारे थांबतात. कुत्रा पुढे होतो, माती हुंगतो आणि एक तर चालू लागतो किंवा मुकाट्याने खाली बसतो. तो बसला तर मागच्यांनी जागच्या जागी थांबायचे. तो चालू लागला तर त्याच मातीवर आपला पाय ठेवायचा. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथे स्फोट होऊन १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. ती घटना ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना त्या बसण्याचे आणि चालण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. २०२५ च्या ऑक्टोबरात याच गडचिरोलीत माओवाद्यांच्या एका ज्येष्ठ नेत्याने सुमारे ६० साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु माणसाने शस्त्र ठेवले म्हणून मातीत पुरलेले स्फोटक आपोआप निकामी होत नाही. कुत्र्याचे काम संपलेले नाही.

अशा वेळी एक प्रश्न सहज मनात येतो. त्या प्राण्याला नेमके काय कळते? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, त्याला कळते हे आपल्याला कशावरून कळते? प्रश्न वरवर पाहता तत्त्वचिंतकाच्या आरामखुर्चीतला वाटतो. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यप्रदेशांत, जे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते, तो जीवनमरणाचा प्रश्न आहे. तेथे पोलिसांचा कुत्रा स्फोटके शोधतो, गुन्ह्याच्या तपासात माग काढतो, आणि गावातला बेवारशी कुत्रा वाघ आल्याची वर्दी देतो. या तिघांच्या बुद्धीचे मोजमाप आपण कसे करतो, हे एकदा तपासून पाहण्याजोगे आहे.

न्यायासनासमोरील कुत्रा

आपल्याकडे कुत्र्याच्या बुद्धीचा सर्वांत गंभीर विचार कोणी केला असेल, तर तो न्यायाधीशांनी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ साली स्थापन झाले आणि पुण्याच्या शिवाजीनगर येथील केंद्रात कुत्र्यांना व हस्तकांना शिक्षण मिळू लागले. गुन्ह्याच्या जागेवरून कुत्रा निघाला आणि अमक्या माणसाजवळ येऊन भुंकला, असा पुरावा मग ओघानेच न्यायालयांपुढे येऊ लागला. महाराष्ट्रातीलच एका फौजदारी अपिलात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाला या पुराव्याची किंमत ठरवावी लागली. अडचण उघड होती. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊ शकत नाही, शपथ घेऊ शकत नाही, उलटतपासणीला उत्तर देऊ शकत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो त्याचा हस्तक. मग ती साक्ष कुत्र्याची की हस्तकाची? न्यायालयाने असा पुरावा सर्वस्वी त्याज्य ठरविला नाही. मात्र त्याला फारसे वजन देता येणार नाही असे मत नोंदविले.

पुढे २००१ साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात त्याच न्यायालयाने या पुराव्यातील उणिवा अधिक स्पष्टपणे मांडल्या. कुत्रा चुकू शकतो, त्याचा हस्तक चुकू शकतो, कुत्र्याच्या वागण्याचा अर्थ चुकीचा लावला जाऊ शकतो. आणि ज्या शक्तीच्या बळावर तो माग काढतो, तिच्याविषयीचे शास्त्रीय ज्ञानच अजून तोकडे आहे, असा त्याचा आशय होता. कुत्र्याच्या कर्तबगारीचा यात अनादर नाही. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांनंतर ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉर कुत्र्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिले अशी नोंद आहे, आणि २००० साली तो गेला तेव्हा त्याला पोलिसी इतमामाने निरोप मिळाला. न्यायालयाचे म्हणणे एवढेच होते, की कुत्र्याने दाखविलेल्या जागी आरडीएक्स निघाले तर ते आरडीएक्स स्वतःच बोलते. पण कुत्र्याने दाखविलेल्या माणसाजवळ काहीच निघाले नाही, तर बोलतो तो केवळ आपला अर्थ.

बर्लिनचा घोडा

न्यायाधीशांनी जे ओळखले, ते मानसशास्त्राला उमगण्यास बराच काळ लागला होता. १८८२ साली जॉर्ज रोमेन्स या इंग्रज संशोधकाने प्राण्यांच्या बुद्धीवर मोठा ग्रंथ लिहिला, पण त्यातला बराचसा मजकूर लोकांनी सांगितलेल्या गोष्टींवर उभा होता. गोष्टी खोट्या होत्या असे नव्हे. मात्र त्या निवडक होत्या. अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली या पद्धतीवर मार्मिक बोट ठेवले. कुत्री रोज शेकड्याने हरवतात, त्याची दखल कोणी घेत नाही. एखादे दूरवरून घरी परत आले की तेवढ्याची कथा होते, असा त्याचा आक्षेप होता. आपल्या घरोघरच्या श्वानकथांनाही तो तंतोतंत लागू पडतो.

लॉइड मॉर्गन या दुसऱ्या संशोधकाचा ‘टोनी’ नावाचा कुत्रा बागेच्या फाटकाची कडी डोक्याने उचलून बाहेर पडे. पाहुण्याला वाटावे, काय हा हुशार! पण मॉर्गनने हा प्रकार आरंभापासून पाहिला होता. फाटकाच्या गजांतून डोके घालता घालता कडी एकदा योगायोगाने उचलली गेली. मग अनेक दिवसांच्या धडपडीतून कुत्र्याने नेमकी जागा पकडली. शेवटचे दृश्य पाहणाऱ्याला विचार दिसला, पहिल्यापासून पाहणाऱ्याला सराव दिसला. यावरूनच मॉर्गनने १८९४ साली आपला प्रसिद्ध नियम सांगितला: साध्या मनोव्यापाराने ज्याचा उलगडा होतो, त्याला वरच्या पायरीची बुद्धी चिकटवू नये.

याहून बोधप्रद आहे ती बर्लिनच्या ‘हान्स’ या घोड्याची हकिकत. आणि शिक्षकवर्गाने तर ती अवश्य ध्यानी ठेवावी, कारण घोड्याचा मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हा स्वतः निवृत्त शिक्षक होता. गणित विचारावे आणि घोड्याने खुराने तितके ठोके मारावेत, असा तो चमत्कार. १९०४ साली विद्वानांची समिती बसली. तिला लबाडी आढळली नाही. लबाडी नव्हतीच. ओस्कार फुंग्स्ट या तरुण संशोधकाने मग दोनच गोष्टी बदलल्या. ज्याला स्वतःला उत्तर ठाऊक नाही अशा माणसाने प्रश्न विचारला, किंवा प्रश्नकर्ता घोड्याला दिसेनासा केला. हान्सचे गणित तत्काळ कोसळले. उत्तराचा ठोका जवळ आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे, आणि घोडा ते वाचत असे. घोडा बुद्धिमान होता यात शंका नाही. पण त्याची बुद्धी आपण जेथे शोधत होतो तेथे नव्हती. ती गणितात नव्हती, माणूस वाचण्यात होती.

हस्तकाच्या मनातील संशय

हान्सची गोष्ट जुनी झाली असे कोणी म्हणेल. परंतु अमेरिकेतील लिसा लिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. अमली पदार्थ व स्फोटके शोधणाऱ्या १८ प्रशिक्षित जोड्या, म्हणजे कुत्रा आणि त्याचा हस्तक, एका रिकाम्या चर्चमध्ये तपासणीस आणल्या गेल्या. काही ठिकाणी लाल कागद लावून, येथे वास ठेवला आहे असे हस्तकांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्या इमारतीत असा कोणताही पदार्थ ठेवलेलाच नव्हता. तरीही बहुतेक फेऱ्यांमध्ये कुत्र्याने इशारा दिल्याची नोंद हस्तकांनी केली आणि लाल कागदाजवळ तर ती विशेष केली. कोणी खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. हस्तकाच्या मनातील अपेक्षा एक तर दोरीवाटे कुत्र्यापर्यंत पोचली, किंवा कुत्र्याच्या साध्या थबकण्यात हस्तकाने इशारा वाचला.

घरच्या कुत्र्याचेही तसेच. त्याने चप्पल फाडली आणि मान खाली घालून, कान पाडून उभा राहिला, की आपण म्हणतो, त्याला अपराध कळला. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासले. काही मालकांना त्यांच्या कुत्र्याने खाऊ चोरला असे खोटेच सांगितले, काहींना खरे. आढळले असे, की तो ओशाळा चेहरा कुत्र्याने चोरी केली की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही यावर होता. आपण ज्याला सद्सद्विवेक समजत होतो, ते आपल्याच रागाचे प्रतिबिंब होते.

याचा गडचिरोलीच्या रस्त्याशी संबंध आहे, आणि तो थेट आहे. कुत्र्याची परीक्षा घेताना स्फोटक कोठे पुरले आहे हे हस्तकाला ठाऊक असेल, तर ती परीक्षा हान्सच्या गणितासारखी होण्याचा धोका राहतो. खऱ्या रस्त्यावर मात्र हस्तकाला काहीच ठाऊक नसते. म्हणून जेथे जेथे अशा कुत्र्यांची परीक्षा होते, तेथे हस्तकाला आणि त्याच्याबरोबर चालणाऱ्या परीक्षकालाही जागा ठाऊक नसावी. कित्येक फेऱ्यांत काहीच पुरलेले नसावे. आणि किती वेळा कुत्रा नाहक बसला, किती वेळा बसायचे असून चालत राहिला, या दोहोंची लेखी नोंद राहावी. हा खर्चाचा प्रश्न नाही, शिस्तीचा आहे. त्यात कुत्र्यावर अविश्वास नाही. उलट, आपल्या डोळ्यांवर अविश्वास दाखविण्याची तयारी म्हणजेच त्या प्राण्याला न्याय देणे होय.

आज्ञापालन म्हणजे बुद्धी?

मोजमापाचा दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. १९९४ साली स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या जातींची बुद्धीनुसार क्रमवारी प्रसिद्ध केली. बॉर्डर कोली पहिली, अफगाण हाउंड शेवटची. ही क्रमवारी अजूनही हौशी मंडळींच्या तोंडी असते. पण ती तयार कशी झाली? श्वानस्पर्धांतील सुमारे २०० पंचांची मते मागवून, आणि कोणती जात आज्ञा किती लवकर शिकते व किती वेळा पाळते, या कसोटीवर. उपजत कसब आणि स्वतः अडचण सोडविण्याची शक्ती या निराळ्या गोष्टी असल्याचे स्वतः कोरेन यांनी सांगितले होते. पण लोकांनी क्रमवारी उचलली, विवेक मागे राहिला. आपल्या शाळांतही हे घडत नाही काय? जो मुकाट्याने ऐकतो तो हुशार, आणि जो खिडकीबाहेर पाहतो तो ढ.

या कसोटीवर गावठी कुत्र्याचा क्रमांकच लागत नाही. त्याला जात नाही, मालक नाही, म्हणून बुद्धीही नाही, असा आपला हिशेब. वास्तविक पाहता कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास केला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात अनोळखी माणसाने दोन भांड्यांपैकी एकाकडे हाताने खूण केली. पुष्कळ कुत्री जवळच आली नाहीत. पण जी आली, त्यांतील सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी खूण ओळखून त्याच भांड्याकडे धाव घेतली. कोणी त्यांना शिकविले नव्हते. माणसाचा हात कोठे निर्देश करतो हे समजण्यात कुत्रा चिंपांझीलाही मागे टाकतो, असे ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखविले होते. तीच शक्ती उकिरड्यावर वाढलेल्या कुत्र्यातही आढळली. आणि जी कुत्री जवळ आली नाहीत, त्यांना मूर्ख कसे म्हणावे? ज्या हाताने आजवर दगडच मारला, त्या हातापासून लांब राहणे हाही अनुभवातून आलेला निष्कर्षच नव्हे काय?

ताडोबा-अंधारीच्या परिसरातील गावांत, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, चिमूरच्या पट्ट्यात, या गावठी कुत्र्याचे शास्त्र लोकांनी केव्हाच ओळखलेले आहे. धानाच्या बांधीत रात्रीची जागली करणारा शेतकरी कुत्र्याच्या आवाजावर कान ठेवून असतो. रानडुकरावर धावून जाणारे भुंकणे वेगळे. पाय मागे घेत, घराच्या दिशेने सरकत, शेपूट पोटाशी घेऊन केलेले भुंकणे वेगळे. दुसरे ऐकले की शहाणा माणूस धुऱ्यावर उतरत नाही. हंगेरीतील संशोधकांनी २००५ साली ध्वनिमुद्रित भुंकणे लोकांना ऐकवून दाखवून दिले, की ते कोणत्या प्रसंगीचे आहे हे माणसाला पुष्कळ अंशी ओळखता येते. आपल्याकडे हे ज्ञान जागलीवर बसणाऱ्याच्या कानात आहे; मात्र त्याची वही कोणी ठेवलेली नाही. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात बळी पडल्या. मोहफुलाच्या आणि तेंदूच्या हंगामात हा धोका दरसाल दारात उभा असतो. कुत्रा बरोबर असता तर त्या वाचल्या असत्या, असा दावा कोणी करू नये. कुत्र्याच्या मागावर बिबट्या गावात येतो, हेही तितकेच खरे. पण कुत्र्याची वर्दी किती वेळा खरी ठरते, किती वेळा फसवी, हे मोजले गेले तरच त्यावर काही बोलता येईल. १९६९ आणि २००१ साली न्यायालयाने जी सावधगिरी शिकविली, ती येथेही हवी.

कोणाचाही नसलेला कुत्रा

या अरण्यात आणखी एक श्वानकुल आहे, जे माणसाची कोणतीच आज्ञा पाळत नाही. तो म्हणजे रानकुत्रा, विदर्भाच्या बोलीतला कोळसून. तो पाळीव कुत्र्याचा पूर्वज नव्हे, दूरचा भाऊबंद. ब्रिटिश अमदानीत त्याला उपद्रवी ठरवून मारणाऱ्याला बक्षीस मिळे. कारण काय, तर तो भक्ष्याला जिवंतपणीच फाडतो, म्हणून क्रूर. आणि साहेबाच्या शिकारीचे हरीण पळवितो, म्हणून चोर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय मिळाले, आणि त्याच दशकात ए. जे. टी. जॉनसिंग यांनी बंदीपूरच्या जंगलात त्याच्या मागे राहून त्याचे कुटुंबजीवन पाहिले. तेव्हा दिसले, की शिकार करणारी मंडळी पिलांसाठी अन्न आणून ओकतात आणि पिलांचा सांभाळ कळपाची सामाईक जबाबदारी असते. प्राणी तोच होता. बदलला तो पाहणारा. बक्षिसाच्या वहीत जो क्रूर होता, तो निरीक्षणाच्या वहीत कुटुंबवत्सल ठरला. वास्तविक दोन्ही विशेषणे आपलीच. कोळसून आपला कोळसूनच.

मग करावे काय? पहिली गोष्ट, श्वानपथकांच्या परीक्षा वर सांगितल्याप्रमाणे आंधळ्या पद्धतीने व्हाव्यात. दुसरी, गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत उभे आहे. जंगलालगतच्या गावांतील कुत्र्यांच्या वर्दीचा अभ्यास त्याच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. वही, घड्याळ आणि सकाळी पावलांचे ठसे पाहण्याची चिकाटी पुरे. तिसरी गोष्ट तर कोणत्याही शाळेच्या आवारात होण्याजोगी आहे. दोन वाट्यांना भाकरीचा वास सारखाच चोळावा, तुकडा एकीतच ठेवावा, आणि एकाने एका वाटीकडे बोट दाखवून स्तब्ध उभे राहावे. तुकडा कोठे आहे हे नोंद ठेवणाऱ्याला सांगू नये. वीस वेळा करावे, चुकलेले प्रयत्नही लिहावेत. त्या वीस ओळींतून विद्यार्थ्याला कुत्र्याविषयी थोडे कळेल; पुराव्याविषयी पुष्कळ कळेल.

महाभारतातील महाप्रस्थानाची कथा आपण सारे जाणतो. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडले, तरी धर्मराजामागून एक कुत्रा शेवटपर्यंत चालत राहिला. स्वर्गाच्या दारी त्याला सोडून ये असे इंद्राने सांगितले, आणि युधिष्ठिराने नकार दिला. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे मागाहून उघड झाले. कीर्तनात ही कथा आपण निष्ठेची म्हणून ऐकतो. पण तिच्यात परीक्षा कुत्र्याची नव्हती. परीक्षक तो होता, आणि परीक्षार्थी माणूस. गडचिरोलीच्या रस्त्यावर तो आजही आपल्यापुढे चालतो आहे. तो खाली बसतो तेव्हा त्याला काय कळले, हे आपल्याला पूर्णपणे कदाचित कधीच कळणार नाही. आपण त्याचा अर्थ प्रामाणिकपणे लावला की नाही, एवढे मात्र आपल्याला निश्चित तपासता येते. मागे चालणाऱ्या जवानांच्या जिवासाठी ते तपासलेच पाहिजे.